महाजालावरची पेटी

मंडळी, मुंबईच्या भाच्याने आणि न्यूजर्सीच्या पुतणीने एकाच आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला. घरातल्या जुन्या हाय-फायला जोडायला स्वस्तातला नेटवर्क स्ट्रीमर कोणता घ्यावा? दोघांनाही मी "सवडीने लिहून सांगतो" म्हणालो. इतिहासाच्या मास्तरला बाजारभाव विचारला की तो सनावळीपासून सुरुवात करणार, हे खरं तर त्यांनी ओळखायला हवं होतं. आता भोगा!

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. स्ट्रीमर म्हणजे कंपासपेटीएवढी किंवा त्याहून लहान डबी. एका बाजूने ती घरातल्या वायफायला किंवा वायरीने राउटरला जोडलेली असते, दुसऱ्या बाजूने आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला. महाजालावरून किंवा घरातल्याच एखाद्या डिस्कवरून ती गाण्याचे आकडे उचलते, त्या आकड्यांची वीज करते आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवते. अ‍ॅम्प्लिफायरला ती रेडिओ किंवा टेपच वाटते. एवढंच तिचं काम. तबकडी नाही, फीत नाही, फिरणारं काही नाही.

ही कल्पना आपल्याला फार नवीन वाटते, पण गाणं तारेवरून घरी मागवायची हौस जुनी आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. तिकडे पॅरिसमध्ये त्यानंतर वर्षभराच्या आत, 1881 च्या विद्युत प्रदर्शनात, क्लेमाँ आदेर नावाच्या गृहस्थाने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडले आणि दोन किलोमीटरवरच्या प्रदर्शनात लोकांना दोन्ही कानांना एकेक चोंगा लावून ऑपेरा ऐकवला. दोन कानांना दोन वेगळ्या जागांहून आलेला आवाज, म्हणजे गायक डावीकडून उजवीकडे गेला तर तेही कळत होतं. स्टिरिओचा जन्म म्हणायला हरकत नाही. पुढे 1890 साली याची रीतसर कंपनी झाली, वर्गणीदार झाले (लेखक मार्सेल प्रूस्त हा त्यातला एक), आणि ती कंपनी 1932 पर्यंत चालली. बुडापेस्टमध्ये 1893 पासून टेलिफोनवर बातम्या आणि संगीत मिळत असे. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाने तर 1888 च्या कादंबरीत सन 2000 मधल्या घराघरांत टेलिफोनच्या तारेने चोवीस तास संगीत येतं अशी कल्पना रंगवली होती. गडी वर्षाच्या बाबतीत फार चुकला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तारेवरचं गाणं वर्गणीदाराचं नव्हतं. कंपनी बंद झाली की चोंग्यातून काही येत नसे. उलट 1902 साली कलकत्त्यात गौहरजानची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, त्यातली एखादी तबकडी ज्याच्या घरात उरली असेल त्याला ती आजही वाजवता येते. कंपनीचं नाव बदलो, मालक बदलो.

असो. आता एकदम शंभर वर्षांची उडी.

1982 मध्ये जपानात सीडी प्लेयर विकायला आला आणि गाण्याचे आकडे झाले. सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप 16 बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन सूर. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे चौदा लाख बिट होतात. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. पुढे जो डायल-अप मोडेम घरोघर किरकिरू लागला त्याची कमाल मजल सेकंदाला 56 हजार बिट. म्हणजे सीडीचं एक सेकंद उतरवायला पंचवीस सेकंद! ही तफावत मिटवली ती एमपीथ्रीने. एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळींनी माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते गाळून टाकायची युक्ती काढली आणि आकडे दहा-बारा पटींनी कमी केले. तरीसुद्धा पाच मिनिटांचं एक भावगीत मोडेमवरून उतरवायला, लाइन उत्तम लागली तरी, अकरा-बारा मिनिटं जात. तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग आलं 2001. माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष हेच. ऑक्टोबरात अ‍ॅपलचा आयपॉड आला, तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्याच वर्षी दोन गोष्टी फारसा गाजावाजा न होता झाल्या. जॉश कोल्सन याने फ्लॅक नावाची पद्धत पूर्ण करून चकटफू वाटली. तिच्यात गाण्याचे आकडे साधारण निम्म्यावर येतात पण एकही बिट हरवत नाही. धान्याचं पोतं दाबून बांधावं आणि सोडलं की दाणा न दाणा परत मिळावा, तसं. आणि कॅलिफोर्नियात शॉन अ‍ॅडम्स याच्या स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने स्लिमपीथ्री नावाची डबी काढली. तिच्यात ना डिस्क, ना सीडी. पुढे हिरव्या अक्षरांची पट्टी, मागे नेटवर्कची एक वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन वायरी. गाणी संगणकात, डबी दिवाणखान्यात.

2003 साली तिची सुधारलेली बहीण आली, तिचं नाव स्क्वीझबॉक्स. इंग्रजी बोलीत हा शब्द अ‍ॅकॉर्डियनसारख्या भात्याच्या वाद्यासाठी वापरतात. म्हणजे आपल्या मराठीत सांगायचं तर तिचं नाव चक्क 'पेटी'! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. ही पेटी बिनतारी होती. तेव्हाच्या वायफायचा वेग कागदावर सेकंदाला 1 कोटी 10 लाख बिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा. तरी सीडीच्या चौदा लाखांना तो पुरून उरत होता. आता गाळलेल्या एमपीथ्रीची गरजच नव्हती.

पण खरी गोम डबीत नव्हती, ती होती संगणकावर चालणाऱ्या सर्व्हर नावाच्या कार्यक्रमात. गाण्यांची यादी ठेवणं, डबीला काय वाजवायचं ते सांगणं, हे सगळं तो करत असे. आणि कंपनीने तो मुक्त स्रोत ठेवला होता. कुणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा, वाटावा. हौशी लोकांनी त्यात इतकी भर घातली की एवढ्याशा कंपनीला तेवढे नोकर ठेवणं कधी परवडलं नसतं.

बाकीच्यांनी वेगळे रस्ते धरले. अ‍ॅपलने 2004 मध्ये 129 डॉलरला एअरपोर्ट एक्स्प्रेस काढला, भिंतीतल्या प्लगातच बसणारा. आयट्यून्समधलं गाणं त्यातून अ‍ॅम्प्लिफायरला जात असे. सोनोसची पहिली वस्तू 2005 च्या सुरुवातीला आली. तिची खुबी अशी की स्वयंपाकघर, दिवाणखाना, झोपायची खोली सगळीकडे एकच गाणं एकाच ठेक्यात वाजायचं. काम अवघड आहे हो! दोन खोल्यांत पळाच्या अंशाएवढा फरक पडला तरी भजनाच्या टाळांसारखा गोंधळ होतो. मात्र ती सगळी व्यवस्था कंपनीच्या हातात.

2006 साली माऊस आणि कळफलक बनवणाऱ्या लॉजिटेकने दोन कोटी डॉलर देऊन स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. सहा वर्षं बऱ्यापैकी चालली. 2012 मध्ये लॉजिटेकने स्क्वीझबॉक्सचा गाशा गुंडाळला, आणि 2024 मध्ये तिच्यासाठी चालवलेलं महाजालावरचं केंद्रही बंद केलं. एरवी इथे गोष्ट संपायची. पण ज्यांच्या घरच्या संगणकावर तो मुक्त सर्व्हर होता त्यांच्या पेट्या वाजतच राहिल्या. तो कार्यक्रम स्वयंसेवकांनी आपल्याकडे घेतला, 2024 मध्येच त्याचं नाव बदलून लिरियन म्युझिक सर्व्हर ठेवलं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या पेट्या आजही त्याच्यावर गातात.

याच्या शेजारी दुसरी कथा ठेवून बघा. गूगलने 2015 साली क्रोमकास्ट ऑडिओ काढला, किंमत फक्त 35 डॉलर. जुन्या स्टिरिओवाल्यांना वाटलं, आता आणखी काय हवं? जानेवारी 2019 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आणि 9 मार्च 2025 रोजी जगभरातले हे क्रोमकास्ट एकाएकी मुके झाले. बिघडलं काहीच नव्हतं. आत साठवलेलं दहा वर्षांच्या मुदतीचं एक प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं, त्यामुळे फोन त्यांना ओळख देईना. आम्हा निवृत्तांना हे लगेच समजेल! दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही की माणूस खुर्चीत जिवंत बसलेला असून पेन्शन थांबतं, तसाच प्रकार. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, डब्या पुन्हा बोलू लागल्या. पण ती पाठवणं कंपनीच्या मर्जीवर होतं, हे विसरू नका.

सोनोसचंही तेच. 2020 च्या जानेवारीत त्यांनी जुन्या वस्तूंना यापुढे सुधारणा मिळणार नाहीत असं जाहीर केलं, ग्राहक खवळले, मग नव्या-जुन्यांची दोन वेगळी घरं मांडून दिली. मे 2024 मध्ये मोबाइलवरचं नवं अ‍ॅप आणलं तर त्यात गजर, गाण्यांची रांग बदलणं, घरच्या संग्रहात शोधणं असल्या रोजच्या सोयीच नव्हत्या. मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांना जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी 2025 मध्ये पायउतार व्हावं लागलं. वस्तू उत्तम होत्या, आजही आवाज सुरेख आहे. पण दिवाणखान्यातली पेटी आपली आणि तिची किल्ली दुसऱ्याकडे, असा हा संसार.

आता कुणी म्हणेल, एवढी काळजी कशाला? वर्गणी भरा आणि ऐका. फेब्रुवारी 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, त्याआधीपासून सावन आणि गाना होतेच. बालगंधर्वांपासून कालपरवाच्या पोरांपर्यंत सगळे तिथे आहेत. मीही ऐकतो. पण आमच्या घरात त्रेचाळीस कॅसेट आहेत, त्या कुठल्याच कंपनीकडे नाहीत. आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची भजनं. वाड्यात दर एकादशीला भजन व्हायचं, शेवटची दहा-बारा वर्षं धाकट्या भावाने ते टेप केलं. आप्पा काही मोठे गवई नव्हते. आवाज चढताना फाटायचा, मध्येच कुणीतरी खोकतं, एका कॅसेटमध्ये आमची आई "चहा झालाय हो" म्हणते तेही आलंय. आईचा आवाज असलेली आमच्याकडची ती एकमेव फीत आहे. काही फितींवर बुरशी धरली होती, टेप चालवताना जीव वर-खाली व्हायचा. भाच्याने 2009 च्या मे महिन्याच्या सुट्टीत बसून सगळ्या संगणकावर घेतल्या आणि फ्लॅक करून दिल्या. हिशोब सांगतो. तासाभराची एक कॅसेट सीडीच्या मापाने मोजली तर सुमारे 635 एमबी. त्रेचाळीस तासांचे 27 जीबी. फ्लॅकमध्ये साधारण निम्मे. आप्पांचं अख्खं भजन खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतं.

म्हणून माझी पहिली अट ठरली: जी पेटी घरातल्या डिस्कवरचं गाणं कंपनीला न विचारता वाजवेल तीच घरात येईल. खरं तर यासाठी जुनी सामाईक बोली आहे. 2003 साली बड्या कंपन्यांनी डीएलएनए नावाची संघटना करून घरातल्या सगळ्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम बांधले. ती संघटना 2017 मध्ये विसर्जित झाली, पण तिची बोली आजही बहुतेक डब्यांना समजते. पेशवाई बुडाल्यावरही मोडी वाचणारे पुष्कळ काळ उरले होते, तसं.

दुसरी अट, गाण्यात खंड पडता कामा नये. हे पाश्चात्य पॉप ऐकणाऱ्याला पटकन कळणार नाही. आपल्या रागसंगीताच्या सीडीत पुष्कळदा विलंबित आणि द्रुत असे वेगळे भाग पाडलेले असतात, पण गवई काही मध्ये थांबलेला नसतो. काही डब्या दोन भागांच्या मध्ये अर्धा सेकंद गप्प बसतात आणि नेमकी समच गिळतात! तानपुरा तुटला की रसभंग झालाच. एमपीथ्रीत तर फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता मुळातच चिकटलेली असते. फ्लॅकमध्ये ती नसते. घेण्यापूर्वी दुकानात असा जोड वाजवून बघावा.

तिसरी गोष्ट म्हणजे मागची भोकं. आमचा अ‍ॅम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने जुळवलेला, पस्तीस वर्षं झाली. त्याला 'टेप' आणि 'ऑक्स' अशा जागा आहेत, डिजिटल बिजिटल काही नाही. म्हणजे आकड्यांची वीज करणारा भाग, ज्याला डॅक म्हणतात, तो डबीतच हवा. हल्लीच्या स्वस्त डब्यांतला डॅकसुद्धा आमच्या कानांना पुरेपूर आहे. या वयात वरच्या पट्टीतलं अर्धं आम्हाला ऐकूच येत नाही, त्यासाठी लाखभर रुपये मोजणं म्हणजे टकलाला चांदीचा कंगवा. महागडी नेटवर्क वायर घेतल्याने गाणं सुधारतं असं सांगणारेही भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे जावं. आकडे वाटेत हरवले तर डबी ते पुन्हा मागवते, थोडे साठवून ठेवते, आणि मग आपल्या घड्याळाच्या ठेक्यावर वाजवते. वायर सोन्याची की तांब्याची हे तिला कळतही नाही.

आता बाजारात काय आहे? दोन घराणी. पहिलं तयार डब्यांचं. लिंकप्ले या चिनी मूळच्या कंपनीने वीम नावाच्या डब्या काढून इथे मोठी उलथापालथ केली. लहान वीम मिनी शंभर डॉलरच्या आसपास आली, 2022 मध्ये दीडशेच्या घरातली वीम प्रो. मिनीला नेटवर्कची वायर लावायला जागा नाही, प्रोला आहे, आणि जाड भिंतींच्या घरात ती वायरच कामाला येते. शिवाय वीमने 2023 मध्ये त्या जुन्या मुक्त सर्व्हरची, म्हणजे स्क्वीझबॉक्सच्या सर्व्हरची, भाषाही आपल्या डब्यांना शिकवली. उद्या कंपनीचं अ‍ॅप बंद पडलं तरी घरच्या सर्व्हरवर डबी बोलत राहील, अशी निदान आशा.

दुसरं घराणं हौशी लोकांचं. फेब्रुवारी 2012 मध्ये इंग्लंडात रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याएवढा संगणक 35 डॉलरला निघाला, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला. गाणंवेड्यांनी तो पळवला. त्याच्या मूळच्या कानातल्या जॅकमधून येणारा आवाज यथातथाच होता, पण 2014 च्या आवृत्तीपासून वर चाळीस पिना आल्या आणि त्यावर डॅकची वेगळी पाटी बसवता येऊ लागली. त्यावर चालवायला पायकोअरप्लेयर नावाचा चकटफू कार्यक्रम मिळतो. त्याचा एक गुण आपल्याकडे लाखमोलाचा: सुरू झाला की तो सगळा स्मृतीत जाऊन बसतो, कार्डावर फारसं लिहीत नाही. वीज अचानक गेली तरी कार्ड सहसा खराब होत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

भाच्याला आणि पुतणीला माझा सल्ला सरळ आहे. त्यांना वेळ नाही, त्यांनी वायरीची सोय असलेली तयार डबी घ्यावी. मला वेळच वेळ आहे, म्हणून मी पाय घेतला, वर डॅकची पाटी बसवली, त्यातच लिरियन चालवला आणि आप्पांची भजनं जोडून दिली. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे मुद्दाम 'टेप' याच जागेत. सौ. म्हणाल्या, "एवढ्याशा डबीसाठी महिनाभर वाचत बसलात?" बसलो खरा.

नावांचं काम मात्र अजून चालू आहे. विकतच्या सेवांवर नाट्यपदाच्या खाली नाटकाचं नाव नसतं, तबल्यावर कोण ते नसतं, रागाचं तर नावच नको. फ्लॅकमध्ये ही माहिती देवनागरीत लिहिता येते. मी 'प्रकार' या रकान्यात राग लिहितो, 'संगीतकार' मध्ये संतांचं नाव (तुकोबांनी चाल लावली नव्हती हे ठाऊक आहे, पण दुसरा रकाना सापडत नाही). एकोणतीस कॅसेट झाल्या, चौदा राहिल्या. पखवाजावर कोण आहे हे विसाव्या कॅसेटनंतर मला ओळखू येत नाही. नाशिकच्या काकूंना आठवत असेल तर त्यांनी फोन करावा.

डिस्कच्या चार प्रती काढल्या आहेत. नाशिकची आणि मुंबईची पोचली, एक इथे कपाटात. चौथी पुतणीसाठी बांधून ठेवली आहे. डिसेंबरात न्यूजर्सीकडे कुणी जाणार असेल तर कृपया कळवा, वजन काही फार नाही.